जांब समर्थ आणि मोसंबीच्या बागा: मुलांना घेऊन कधी जावं?

कोथरूडची सून

नमस्कार मंडळी. सासरे ७४ वर्षांचे आहेत, पक्के समर्थभक्त. सज्जनगड, चाफळ, नाशिकची टाकळी सगळं झालंय, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब तेवढं राहिलंय. त्यांचा हट्ट आहे की जांबला जायचं ते रामनवमीलाच. माझी मुलं ९ आणि ६ वर्षांची. त्यांनी मोसंबी पाहिली ती फक्त ज्यूसच्या गाड्यावर रचलेली. परवा धाकट्याने विचारलं, मोसंबी जमिनीखाली येते का? म्हटलं, आता न्यायलाच हवं.

माझं माहेर परभणीचं, पण लहानपणी जालन्याच्या पुढे आमची रेल्वे कधी थांबलीच नाही म्हणायची, त्यामुळे जांब ज्या घनसावंगी तालुक्यात आहे तो भाग अजिबात माहीत नाही. विचारायचं ते हे: रामनवमी आणि बागा दोन्ही एका फेरीत जमेल का? मुलांना झाडावरून फळ तोडू देतात का? काही जुने वाडे वगैरे आहेत का? आणि हुरडा पार्टीसारखं पॅकेज मोसंबीचं असतं का कुठे? रिसॉर्ट नकोच आहे, पण वयस्कर माणूस सोबत आहे, तेव्हा स्वच्छ संडास हवा.

रुळावरून

पुण्याहून गाडीनेच जा. नगर, शेवगाव, पैठण, पाचोड, अंबड, घनसावंगी असा रस्ता धरा. रेल्वेने जायचं तर मनमाड-नांदेड मार्गावरचं परतूर स्टेशन सोयीचं, तिथून पुढे कुंभार पिंपळगावच्या बाजूला. पैठणला नाथांची समाधी वाटेतच होते. बाकी बागांचं ज्यांच्या आहेत त्यांनी सांगावं.

बांधावरून

ताई, आम्ही त्याच पट्ट्यातले. जांबपासून हाकेच्या अंतरावर म्हणणार नाही, पण मोटरसायकलवर चहा निवायच्या आत पोचतो एवढं जवळ. घरी मोसंबी वडिलांच्या काळापासून. म्हणून जरा लांबण लावतो, वाचून घ्या.

पहिलं म्हणजे रामनवमी आणि बाग एका फेरीत बसवू नका. देऊळ बाराही महिने जाग्यावर असतं, बाग नसते.

मोसंबीला आमच्याकडं मुख्य दोन बहार. आंबे बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि फळ ऑगस्टपासून पुढं तोडणीला. मृग बहाराचं फूल पावसाच्या तोंडाला आणि फळ हिवाळा सरता-सरता. रामनवमीला तुम्ही आलात तर मृग बहाराची तोडणी उरकत आलेली असते, आंबे बहाराचं फळ सुपारीएवढं, आणि वर एप्रिलचं ऊन. त्या दिवसांत शेतकऱ्याचं तोंड बघवत नाही. विहिरीचं पाणी किती परस उरलं हाच हिशोब डोक्यात. त्यात पाहुण्याला बाग दाखवायची म्हणजे दोघांनाही शिक्षा.

दिवाळीनंतर, डिसेंबरात आलात तर आणखी गंमत. तेव्हा हुरड्याचा सिझन लागत असतो आणि शहरातली मंडळी त्या निमित्तानं येतात. बागेत बघतात तर पानं पिवळी, निम्मी गळून खाली. मागं एक पाहुणे मला हळूच विचारत होते, "दादा, बाग वाळली का हो?" वाळलेली नसते. आंबे बहार धरायचा तर झाडाचं पाणी आम्ही मुद्दाम तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. जमिनीप्रमाणं दीड-दोन महिने झाड उपाशी ठेवायचं. पानगळ झाली की मशागत, खत, आणि मग एकदम पाट भरून नाही, आधी हलकं आंबवणीचं पाणी, मग चिंबवणीचं, मग पुढचं. ताण नीट बसला असला तर काही दिवसांत फांदीभर फूल. ताण बसला नाही आणि मधेच अवकाळी पाऊस पडला की बोंबला, नुसती पालवी येते. फूल लागलं त्या दिवसांत संध्याकाळी बांधावर उभं राहून बघा म्हणतो मी सगळ्यांना, पण त्या वेळी कुणी येत नाही, कारण खायला काही नसतं.

तर मुलांसाठी महिना सप्टेंबर. पोळा होऊन गेलेला असावा, रस्त्याचा चिखल आटलेला असावा. फळ झाडावर भरलेलं असतं, फांद्या टेकू लावून धरलेल्या असतात.

आता तोडण्याचं. इथं एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. बरेच जण बाग उक्ती देतात. म्हणजे फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याशी सौदा होतो, इसार घेतला जातो, आणि मग झाडं आमची पण फळ त्याचं. व्यापाऱ्याचा राखणदार बागेत झोपडी टाकून बसतो. पाहुण्याचं पोरगं लाडानं चार फळं तोडतं, आणि बागेचा मालक राखणदाराकडं बघून ओशाळं हसतो. त्याला नाही म्हणता येत नाही, हो म्हणायचा हक्क नाही. म्हणून कुणाच्याही बागेत जायच्या आधी एवढंच विचारायचं: "बाग दिली का राखली?" राखली असली तर पोटभर खा, कुणी पैसे घेणार नाही.

आणि फळ हिरवं दिसतं म्हणून नाक मुरडू नका. आंबे बहाराची मोसंबी पक्व झाली तरी बरीचशी हिरवटच राहते, रात्रीची थंडी लागल्याशिवाय साल पिवळी होत नाही. हातात जड लागतं का बघा आणि साल तुकतुकीत झाली का बघा. करड्या, खरबरीत डागांचं फळ मिळालं तर ते आधी खा. त्याला आम्ही मंगू लागला म्हणतो, कोळी किडीचं काम. आत रस तोच, गोडी तीच, पण व्यापारी असा माल बाजूला काढतो आणि भाव पाडतो. म्हणून घरची माणसं वर्षभर मंगूचीच मोसंबी खातात. चांगली दिल्लीला.

देवळाचं नंतर लिहितो, लाईट गेली.

कडवंचीचा जावई

बांधावरून दादांनी त्यांच्या बाजूचं सांगितलं, मी माझ्या सासरवाडीचं सांगतो. आजोबांचा हट्ट रामनवमीचाच असेल तर मार्चअखेरीला येत असलेल्या वर्षी जालन्याजवळ कडवंचीला द्राक्षं मिळू शकतात. तिथं १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकारानं पाणलोटाचं काम झालं आणि पुढं गावानं शेकडो शेततळी खोदली. टेकाडावर उभं राहिलं की प्लॅस्टिकचं अस्तर लावलेली निळी चौकोनी तळी आणि मधे द्राक्षांचे मांडव. पाऊस तेवढाच पडतो जेवढा शेजारच्या गावात, पण शेजारी टँकर आणि इथं द्राक्ष. मुलांना पाणी म्हणजे काय हे शाळेपेक्षा तिथं लवकर कळेल. फक्त द्राक्ष तोडू नका, मणी हाताळला की त्यावरची लव जाते आणि बागायतदार मनातल्या मनात शिव्या देतो. जावई असून मला दिल्या आहेत, आणि त्याही मनातल्या मनात नाही.

बांधावरून

जावईबापू बरोबर बोलले. कडवंचीला जावंच, पण द्राक्ष तोडणी तोवर संपलेली असू शकते, एप्रिलमधली रामनवमी असली तर धरून चालू नका.

आता जांब. सासऱ्यांना हे आधी सांगून ठेवा की तिथं सज्जनगडासारखं काही उंच, काही भव्य नाही. साधं शेतकऱ्यांचं गाव आहे, बैल आहेत, उकिरडे आहेत, पारावर पत्ते चालू असतात. १६०८ साली रामनवमीला ऐन माध्यान्ही सूर्याजीपंत ठोसरांच्या घरात नारायण जन्मला. सूर्याजीपंतांकडं गावचं कुलकर्णीपण होतं. लोक समर्थांचा सूर्यनमस्कार, मारुती, बलोपासना एवढंच सांगतात. मला तिथं गेलं की ते कुलकर्णीपण आठवतं. कुणाचं रान किती, कुणाचा सारा थकला, कोणत्या साली पाऊस नाही, हे ज्या घरात रोज लिहिलं जायचं त्या घरातला पोरगा. त्यानं पुढं कारभारावर, लिहिण्यावर, अक्षर कसं असावं यावर एवढं सांगितलं ते काही हवेतून आलं नाही. हे माझं मत, कीर्तनकारांना पटेल न पटेल.

बोहल्यावर 'सावधान' ऐकून पळाला ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण गावात बाया जास्त सांगतात ती दुसरी गोष्ट. बारा वर्षं टाकळीला तप, बारा वर्षं देशभर फिरणं, आणि मग दारात येऊन उभा राहिला तेव्हा आई राणूबाईंची दृष्टी गेलेली. आवाजावरून नाही, हात लावून ओळखलं म्हणतात. आमची आजी हे सांगताना समर्थांवर चिडायची. "असला कसला देव-देव, माय आंधळी झाली तवर," असं ती तिथल्या देवळाच्या पायरीवर बसून बोलायची आणि मग आत जाऊन दंडवत घालायची.

देवळातल्या राममूर्ती ठोसर घराण्याच्या पूजेतल्या मानतात. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या चोरीला गेल्या. त्या दिवसांत आमच्या भागात कुणाला काही सुचत नव्हतं. पोळ्याची तयारी बाजूला राहिली होती, जो तो एकच विषय. ऑक्टोबरात पोलिसांनी शोध लावून मूर्ती परत आणल्या तेव्हा बाया रस्त्यावर सडा टाकून उभ्या. तेव्हा दर्शनाला गेल्यावर कुणी तुमच्या पिशवीकडं नजर टाकली तर राग मानू नका, कॅमेरा विचारल्याशिवाय काढू नका.

मुक्कामासाठी संस्थानाकडं आधीच विचारून ठेवा. आजोबांची खोली, संडास याची खात्री झाली नाही तर सरळ जालन्याला राहा आणि सकाळी लवकर निघा. वाटेत अंबडला मत्स्योदरी देवी करा. टेकडी माशाच्या आकाराची आहे म्हणून ते नाव. खाली गावात अहिल्याबाईंच्या काळातली पुष्करणी बारव आहे, ती चुकवू नका. पायऱ्यांची नक्षी बघायला मुलांना आवडेल, हात धरून उतरवा.

किल्लेदार

मला एक कळत नाही. मराठवाड्यात औसा, नळदुर्ग, परंडा, धारूर असे किल्ले पडलेत, वेरूळ आहे, होट्टलची देवळं आहेत. ते सोडून जांबला? देऊळ वीस मिनिटांत होतं. बागांचं म्हणाल तर २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीची सरपणं झाली ती आम्ही पाहिली आहेत. उगाच पुण्याच्या लोकांना स्वप्नं दाखवू नका.

बांधावरून

किल्लेदार साहेब, सरपण आमच्याच बांधावर रचलं होतं, मला नका सांगू. टँकर विकत घेऊन झाडं जगवली, ज्यांना टँकर परवडला नाही त्यांनी कुऱ्हाड लावली. बारा-पंधरा वर्षांचं भर जवानीतलं झाड तोडताना गड्याला सांगावं लागतं, स्वतःच्या हातानं होत नाही. पण म्हणून बागा नाहीत असं कसं? लोकांनी परत लावल्या. लागवड करून पहिलं धड फळ हातात यायला चार-पाच वर्षं जातात, तरी लावल्या. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. जायकवाडीचा डावा कालवा या भागातून जातो, त्यावर अनेकांनी ऊस धरला, तो सोपा पडतो, कारखान्याला घातला की झालं. तरीही मोसंबी सोडवत नाही असे खुळे पुष्कळ आहेत.

आणि वीस मिनिटांचं म्हणाल तर किल्लाही वीस मिनिटांत होतो, बघणाऱ्यानं ठरवलं तर. जुनं काय आहे विचारलं होतं ताईंनी. या भागातली माळवदाची घरं बघा म्हणेन मी. गावच्या पांढरीतली, म्हणजे जुन्या गावठाणातली माती आणून दोन-दोन हात रुंद भिंती, वर सागाची तुळई, त्यावर आडव्या कड्या, पट्ट्या, कडुलिंबाचा पाला आणि पुन्हा पांढरी माती. छपराला उतार नाही. उन्हाळ्यात वर अंथरूण टाकायचं, पापड वाळवायचे, लग्नात बायकांनी वरून वरात बघायची. मिरुग लागायच्या आत माळवदावर चढून नवी माती दाबावी लागते, नाहीतर पहिल्याच पावसात घरभर पातेली मांडा. आता ती माती टाकणारे हात राहिले नाहीत, म्हणून लोक पत्रे टाकतात नाहीतर स्लॅब. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या घरातून उठून शेजारच्या माळवदाखाली झोपायला जाणारी माणसं आमच्या गल्लीत आहेत. कुठं असं घर उघडं दिसलं तर ओसरीवर टेका, कुणी उठवत नाही, उलट पाणी विचारतात.

किल्ले दरवर्षी तेच असतात. ही घरं दर पावसाळ्यात दोन-चार कमी होतात.

किल्लेदार

बरं बाबा, माळवदाचं मान्य. आमचंही होतं, पाडलं.

कोथरूडची सून

सगळ्यांचे मनापासून आभार! सासऱ्यांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. आजीचं चिडणं ऐकून ते बराच वेळ हसले, मग गप्प बसले. तोडगा असा निघालाय: ते आणि त्यांचे एक मित्र रामनवमीला रेल्वेने परतूरमार्गे जाणार, आम्ही चौघं सप्टेंबरात गाडीने. दादा, तुमची बाग राखलेली असते का? आणि मुलांना बागेत नुसतं फळ खाण्याशिवाय काय दाखवता येईल? पैसे घेतलेत तर बरं वाटेल. जेवणाचंही सांगा.

बांधावरून

ताई, पत्ता व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवतो. यंदा निम्मी दिली, निम्मी राखली. राखलेली उत्तरेच्या बांधाकडची, तिकडंच नेतो. पैशाचं परत काढू नका. काढायचेच असतील तर जाताना पाचोडला थांबा, मोसंबीचा बाजार असतो, तिथं एक पोतं विकत घ्या आणि सोसायटीत वाटा. आमच्या भागातल्या कुणाचा तरी माल खपेल.

मुलांना दाखवायचं भरपूर आहे. झाडांची खोडं खाली दोन-अडीच फूट निळसर-पांढरी रंगवलेली दिसतील, ते शोभेला नाही. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, अशी बोर्डो पेस्ट पावसाच्या आधी आणि नंतर लावतो. नाही लावली तर खोडातून डिंक गळतो, साल सडते, झाड उभ्या-उभ्या जातं. मोठ्याला विचारा डिंक्या झालेलं झाड ओळखून दाखव म्हणून, एक-दोन सापडतीलच, दुर्दैवानं.

खरी मजा अंधार पडल्यावर. सप्टेंबरात पिकल्या फळावर पतंग येतो. सोंड टोचून रस पितो, दोन-तीन दिवसांत तिथं सड लागून फळ गळतं. त्याची अळी मोसंबीवर नसतेच, ती बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर वाढते. कोरोनात सगळा देश गुळवेलीचा काढा पीत होता आणि आम्ही बांधावरची गुळवेल उपटून टाकत होतो. तर संध्याकाळी सातच्या पुढं ओल्या कचऱ्यात कडुलिंबाचा पाला टाकून बागेत जागोजागी धूर करतात, आणि पोरं बॅटरी घेऊन पतंग शोधत फिरतात. पतंगाचे डोळे उजेडात चमकतात. पकडलेले रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. आमची पोरं त्यात तरबेज आहेत, तुमच्यांना बॅटरी धरायला देतील.

जेवायला घरीच या. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, वांग्याचं भरीत, ठेचा. मुलांना तिखट चालत नसेल तर आधी सांगा, आमच्याकडचं 'कमी तिखट' पुण्याला झेपत नाही. धपाटे आणि दही वेगळं करून ठेवायला सांगतो. बिसलेरीच्या बाटल्या आणा पण बागेत टाकू नका, ठिबकच्या नळ्यांत अडकतात.

मुलांना फुल पँट आणि बूट घाला. चपला नको, तणात घोणस असते. फळ ओढून तोडायचं नाही, देठाजवळ साल फाटते, मी कात्री देतो. आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करा. फवारणी झालेली असली तर चार दिवस पुढं ढकला, मी स्पष्ट सांगेन.

रुळावरून

आजोबांना परतूरला उतरायचंय हे डब्यातल्या दोघा-तिघांना सांगून ठेवायला सांगा. गाडी तिथं जेमतेम थांबते.